कडू दुधी आणि ए-टू तूप

सांगली, १४ जून

प्रिय नलू,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. तुझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले, "मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, रोज चाला, थोडं वजन उतरवा." इथपर्यंत ठीक. पण मग तू ती यादी वाचून दाखवलीस. दुधीचा रस, ए-टू तूप, गुलाबी मीठ, दोन वेळचं जेवण. अगं, डॉक्टरांनी फुकटात सांगितलं तेवढं सोडून बाकी सगळं तू विकत आणलंस!

आधी दुधीचं बोलते. हे तुला सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. गेल्या श्रावणात मीही रोज सकाळी रिकाम्या पोटी दुधीचा रस घेत होते. एके दिवशी पहिलाच घोट कडूजहर लागला. थुंकून टाकावा असं जिभेला वाटलं, पण डोकं म्हणालं, कडू म्हणजे गुणकारी. नाक दाबून अख्खा पेला रिचवला. बत्तीस वर्षं नववीच्या पोरांना विज्ञान शिकवलेली बाई मी! थोड्याच वेळात पोटात पीळ, मग उलट्या, जुलाब. मोरीत नळाला धरून उभी होते, तेही जमेना, इतकं बीपी खाली गेलं. दोन दिवस सलाइनवर काढले. तुला तेव्हा 'व्हायरल झालंय' म्हणून सांगितलं होतं, ते हे.

दुधी-काकडीच्या वेलांत कुकुर्बिटॅसिन नावाचं कडू द्रव्य असतं. किड्यांनी खाऊ नये म्हणून वेल ते बनवतो. एरवी ते नगण्य, पण एखाद्या फळात भलतंच चढतं आणि वरून काहीच कळत नाही, दुधी अगदी कोवळा लुसलुशीत दिसतो. शिजवूनही ते जात नाही आणि त्यावर उतारा नाही. २०१० साली दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा जीव गेला. त्यानंतर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचं सांगणं साधं होतं: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू लागला तर फेका, आणि दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. तुझ्या कृतीत आवळा आहे, पुदिना आहे, वर कारलं! म्हणजे उद्या दुधी कडू निघाला तरी तू तो कारल्याच्या खात्यावर खपवणार. माझी आई दुधी चिरताना देठाकडची चकती आधी जिभेवर ठेवायची. मला वाटायचं, हिला उगीच चरायची सवय. दुधीची भाजी खुशाल खा गं. रस गाळून चोथा टाकायचा आणि पाणी प्यायचं, यात मात्र मला आता राम दिसत नाही.

तुपाचं ऐकून तर मी कपाळावर हात मारला. साध्या तुपाच्या तिप्पट पैसे! ए-वन आणि ए-टू ही दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाची दोन रूपं. २०९ अमिनो आम्लांची ती माळ, त्यातला ६७ वा मणी तेवढा वेगळा. ए-टू दूध काहींना पचायला हलकं जातं का, यावर अभ्यास झालेत, वाद चालू आहे, ते राहू दे. पण केसिन हे प्रथिन, आणि तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. लोणी कढवताना प्रथिनं बेरीच्या रूपाने तळाशी बसतात आणि आपण ती गाळून टाकतो. मग तुपात ए-टू उरलं कुठे? ते असलंच तर बेरीत, जी आपण लहानपणी साखर घालून भांडून खायचो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, पाकिटांवरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितलेही होते, पण पाचच दिवसांत आदेश मागे घेतला. का, ते तूच समज. आणि गंमत म्हणजे म्हशीचं दूध जात्याच ए-टू असतं. तुझ्या गवळ्याला हे सांगू नकोस, उद्यापासून भाव वाढवेल.

गुलाबी मीठ म्हणजे आजीचं उपासाचं शेंदेलोणच, फक्त नाव आणि किंमत नवी. पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं. त्यात सुमारे ९८ टक्के सोडियम क्लोराइड, म्हणजे बीपीला ते साध्या मिठाइतकंच नडतं. त्यातल्या ज्या खनिजांची जाहिरात होते, ती अंगी लागावीत एवढं खायचं तर आधी बीपीच मारेल. शिवाय त्यात आयोडीन मुद्दाम घातलेलं नसतं. उपासाला वापर, पण सुनेला दिवस गेलेत ना? मग रोजच्या आमटीत आयोडीनयुक्त मीठच घाल, पोटातल्या बाळाच्या मेंदूला ते लागतं.

दोन वेळच्या जेवणाला मी नावं ठेवत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून आमच्या गल्लीत चौघांचं वजन उतरलं. मधला चहा-बिस्कीट-फरसाण बंद झाला तर उतरणारच. चीनमध्ये ग्वांगझूला १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, २०२२ साली छापून आला. सगळ्यांनी कॅलरी कमी केल्या, त्यातल्या निम्म्यांनी शिवाय सकाळी आठ ते चार एवढ्याच वेळात खाल्लं. वेळ पाळणाऱ्यांचं वजन ८ किलोने घटलं, बाकीच्यांचं ६.३ ने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगही असू शकतो. तेव्हा तुला झेपतंय तर कर. फक्त भाऊजींना यात ओढू नकोस. त्यांना ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी मधुमेहाची गोळी चालू आहे. त्या गोळीवर जेवण चुकलं की साखर धाडकन खाली येते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळही चुकवायला लावू नकोस. हे मी दटावून सांगतेय.

पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीने नाशिकला येतेय. सकाळी गोदाकाठी चालायला जाऊ, बूट घेऊन ठेव. तुपाचा डबा फोडला नसशील तर परत कर. फोडला असशील तर राहू दे, मी आले की गरम वरणभातावर घेऊ, तूप म्हणून ते चांगलंच असणार. दुधीही आणून ठेव, हरभऱ्याची डाळ घालून भाजी करू. चकती मी चाखेन.

तुझी,
मंदा