प्रवेश घेतल्यानंतर लिहिलेले पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचे दोनदा ठरवले आणि दोन्ही वेळा बोलणे बाबांच्या साखरेवर गेले, म्हणून शेवटी लिहायला बसले आहे. मी नोकरी सोडली आहे आणि सौंदर्योपचाराच्या एका वर्षाच्या व्यवसाय प्रशिक्षणाला प्रवेश घेतला आहे. वर्ग सुरू होऊन सहा आठवडे झाले. तुम्हाला आधी विचारले नाही याची टोचणी मला रोज लागते; पण विचारले असते, तर काळजीपोटी तुम्ही नको म्हणाला असता आणि तुमचा शब्द मोडण्याचे बळ माझ्यात नव्हते.

बाबा, “एवढे शिकून शेवटी पार्लर?” हा तुमचा प्रश्न मला इथे बसूनही ऐकू येतो. शुल्क मी माझ्याच शिलकीतून भरले आहे, वर्षभराचा खर्च बाजूला ठेवला आहे आणि तुमच्या औषधांसाठी पाठवते ती रक्कम एका महिन्यानेही चुकणार नाही. नोकरीत मला कुणी त्रास दिला नाही, मी रागाच्या भरातही निघाले नाही. मात्र दिवसभर केलेले काम संध्याकाळी डोळ्यांना दिसावे, ज्याच्यासाठी केले त्याच्या चेहऱ्यावर दिसावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. मावशीच्या आजारपणात तिचे केस मी कापले होते, तेव्हा ती आरशात किती वेळ पाहत राहिली, ते तुम्ही दोघांनीही पाहिले आहे.

पहिले दोन आठवडे आम्हाला कात्रीला हातही लावू दिला नाही, फक्त स्वच्छता शिकवली. कंगव्यातले केस काढायचे, साबणाने धुवायचा आणि मगच तो जंतुनाशक द्रावणात पूर्ण १० मिनिटे बुडवून ठेवायचा. कारण तेल आणि मळ तसाच राहिला, तर द्रावण आतपर्यंत पोहोचत नाही. माझ्या हातून एकदा कंगवा खाली पडला आणि मी तो पुसून पुन्हा वापरायला घेतला. आमच्या शिक्षिकांनी शांतपणे माझा हात धरला आणि म्हणाल्या, “समोर तुझी आई बसली असती तर?” त्यानंतर मी ती चूक केलेली नाही.

आता डमीच्या डोक्यावर केस कापण्याचा सराव चालू आहे. अनामिका कात्रीच्या एका कडीत, अंगठा दुसऱ्या कडीत, आणि कापताना हलवायचा तो फक्त अंगठा. अनामिकेकडचे पाते स्थिर राहिले पाहिजे. ऐकायला सोपे वाटते, पण सरावाच्या पहिल्या आठवड्यात माझा सगळा पंजा हलत असे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतात, त्यामुळे इथे हात चुकला तर समोरच्या माणसाला ती चूक कित्येक महिने डोक्यावर वागवावी लागते. हे काम हलके नाही, बाबा. त्वचेची रचना, केसांची वाढ, रसायनांचे प्रमाण, या सगळ्यांची लेखी परीक्षा आहे.

आई, तू रात्री माझ्या ओल्या केसांची घट्ट वेणी घालायचीस आणि सकाळी ती सोडली की केसांना लाटा आलेल्या असत, ते मला आता समजले. केसांतले काही बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा जुळतात, म्हणूनच डोके धुतले की लाटा जात. गुंता सोडवतानाही तू केस वरून मुठीत धरायचीस आणि टोकाकडून सुरुवात करायचीस, म्हणजे मुळाला ओढ बसत नसे. वर्गात आम्हाला अगदी हेच शिकवले, तेव्हा मला एकदम तुझ्या मांडीपाशी बसल्यासारखे झाले.

माझी काळजी करू नका. खोलीला मोठी खिडकी आहे, दोन्ही वेळचे जेवण वेळेवर मिळते, सोबतच्या मुली मनमिळाऊ आहेत. दिवसभर उभे राहावे लागते, म्हणून जाड तळव्यांचे चांगले बूट घेतले आहेत आणि रात्री पाय उशीवर ठेवून झोपते.

आता माझे ऐका. आई, घरात पडलेली केसांच्या रंगाची ती जुनी पाकिटे लावू नकोस. गेल्या वेळी तुझ्या कपाळाला खाज सुटली होती, ते तू मला सांगितले नाहीस, बाबांकडून कळले. वर्षानुवर्षे चाललेला रंगही एखाद्या दिवशी अंगावर उठू शकतो आणि एकदा उठला की पुढच्या वेळी त्रास वाढण्याची भीती असते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. त्यांनी हो म्हटले तरी प्रत्येक वेळी रंगाचा ठिपका कानामागे लावून ४८ तास वाट पाहायची. तुझे पांढरे केस मला फार आवडतात, हे मात्र रंग नको म्हणून सांगत नाही, खरेच सांगते आहे.

बाबा, तुम्ही पाय रोज पाहायचे आहेत, तळवे आणि बोटांच्या बेचक्याही. वाकवत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा आईला पाहायला सांगा. गरम पाण्यात पाय बुडवून बसू नका. मधुमेहात पायांची जाणीव मंदावली असेल तर पोळलेले कळतही नाही. क्रीम लावा, पण बोटांच्या मध्ये नको. भोवरी ब्लेडने कापायची नाही, म्हणजे नाही. हे रागावून लिहिलेले नाही, हे तुम्हाला कळेल.

लहानपणी दर रविवारी तुम्ही माझा एकेक पंजा हातात घेऊन नखे कापायचात आणि शेवटच्या करंगळीला नेहमी फुंकर घालायचात. हल्ली तुम्हाला पायापर्यंत वाकता येत नाही, हे गेल्या भेटीत माझ्या लक्षात आले होते. पुढच्या महिन्याच्या सुट्टीत मी येते आहे. तोपर्यंत डॉक्टरांना एकदा पाय दाखवून घ्या आणि नखे घरी कापली तर चालतील का, ते विचारून ठेवा. त्यांनी परवानगी दिली तर मी कापीन, सरळ रेषेत, कोपरे खोल न घेता. माझी अवजारे मी स्वच्छ करून घेऊन येईन.

तुमची,
ताई