दोन हूक

मनू,

काल फोन मीच आपटला. तुझ्या आईनं ते बघितलं आणि तेव्हापासून ती मला फक्त "चहा ठेवलाय" एवढंच बोलतीय, म्हणून हे टाईप करत बसलोय. टावरचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

तुझं म्हणणं मला कळलं माय, एवढं काही विसरलो नाही. आमची डिश 3 मीटरची, 6 गिगाहर्ट्झची, बीम, म्हणजे लहरींचा झोत, 1 अंशाच्या आसपास, म्हणजे 40 किलोमीटरवर जाईस्तोवर तो 700 मीटर पसरायचा, टावर जरा डुलला तरी कुणाला पत्ता नाही. तुझी ती 80 गिगाहर्ट्झवाली थाळी 60 सेंटीमीटरची आणि तिचा बीम अर्धा अंशसुद्धा नाही, त्यामुळं वारं सुटलं की टावर पिळतो आणि दोन टावरमधली लिंक पडते, आणि थाळी धरून ठेवणारा माउंट तू डिझाईन केलास म्हणून वर जाऊन तूच बघणार. सगळं बरोबर. पण जो टावर हलतोय म्हणून लिंक पडतीय, त्याच टावरवर तू चढणार ना? एवढंच विचारलं होतं मी काल, तर "पप्पा, तुमचा काळ गेला".

निघालाच विषय. असो.

आरशाचं आठवतं का तुला? दुसरीत होतीस. अंबाजोगाईच्या डोंगरावर मी तुला घेऊन गेलो आणि नानाकाका लातूरच्या बाजूला थांबले होते. एवढ्या अंतराला पृथ्वीच्या गोलाईचा फुगवटाच मधोमध 20 मीटरच्या वर भरतो, त्यावर झाडं, त्याच्यावर फ्रेनेल झोनला, म्हणजे लहरी पसरतात त्या पट्ट्याला, मोकळी जागा सोडायची. नकाशावर हिशेब बसला तरी आरशानं ऊन पाडून पलीकडच्याला दिसतंय का बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे. आजीचा तो पारा उडालेला आरसा तू दोन्ही हातानं धरला होता, आणि वायरलेसवर नाना ओरडले, "दिसला दिसला, पोरीला म्हणावं हलवू नको". येताना एसटीत कंडक्टरपासून सगळ्यांना सांगितलंस तू. आरसा अजून ट्रंकेत आहे.

नानाचं काय झालं ते तुला कधी नीट सांगितलं नाही, आताही सांगत नाही. त्या दिवशी वारंसुद्धा नव्हतं. आमच्या बेल्टला एकच हूक असायचा आणि तो इथून काढून तिथं लावेपर्यंत माणूस नुसत्या हातावर. तुझ्या बेल्टला दोन आहेत ना? एक अडकल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. घाई असली तरी, साहेब खाली उभा राहून ओरडत असला तरी.

आणि सकाळी चढ, उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचं वारं कधी उठेल सांगता येत नाही. सिग्नल आला म्हणून लगेच नट आवळू नको, डिश मेन लोबऐवजी साईड लोबवर, म्हणजे बाजूच्या कमजोर झोतावर, बसलेली असू शकते, मग 20 डीबी कमी का येतंय म्हणून दोन्ही टोकाची माणसं डोकं धरून बसतात, मी स्वतः एकदा रात्रभर बसलोय. आधी हिशेबानं किती सिग्नल यायला पाहिजे ती लेव्हल काढ, मग डिश डावी-उजवी पूर्ण फिरवून बघ, मग वर-खाली.

हे कुणाला सांगतोय मी? जिनं अँटेना डिझाईन केली तिला. सॉरी. तुझ्या डेटाशीटचं झेरॉक्सवाल्याकडून कलर प्रिंट आणलंय बरं का. आक्कीच्या सासऱ्याला तो पॅटर्नचा गोल आलेख अर्धा तास समजावला, मेन लोब, साईड लोब, सगळं. म्हणाले, फूल चांगलं काढलंय पोरीनं. मी पण मग हो म्हणालो.

तुझी आई विचारतीय, वर पाणी कसं प्यायचं. तिला सांगून टाक काहीतरी.

चढायच्या आधी फोन करू नको, मला नीट बोलता येणार नाही, पुन्हा भांडण होईल. वरून तर मुळीच नको, दोन्ही हात तिथंच लागतात. खाली उतरलीस, बेल्ट सोडलास की एक मिस कॉल दे. मी उचलणार नाही.

पप्पा