काम संपलंय, कार्ड चालू आहे

बरबँक, कॅलिफोर्निया
२ मार्च २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर हे बोलणं झालंच नसतं. आई आधी "वाळलीस गं" म्हणणार, बाबा कॅमेऱ्यात नुसतं कपाळ दाखवणार, आणि मुद्दा राहून जाणार. म्हणून पत्र. दादा छापून आणेल, बाबांनी मोठ्यानं वाचावं.

डिसेंबरपासून मला काम नाही. कार्टून मालिका संपली, अख्खी टीम एका दिवशी सुटली. दोन महिने लपवलं, ते चुकलंच. पण कुणी काढून टाकलं असं नाही. इथं स्टोरीबोर्डचं काम, म्हणजे मालिकेतली दृश्यं आधी चित्रांत मांडायचं, त्या त्या मालिकेपुरतंच असतं. निपाणीच्या वखारीत तंबाखूचा हंगाम असतो ना, तसंच. हंगाम सरला की घरी, पुढचा कधी हे मालकालाच ठाऊक. सध्या इथं हंगामच पातळ आहे, माझ्या ओळखीतले निम्मे लोक घरी बसलेत. ग्रीन कार्ड झालंय, तेव्हा परत पाठवायची भीती नाही. तुमच्या जावयाचा पगार चालू आहे.

आई, तुझा पहिला प्रश्न मला माहीत आहे. दवाखान्याचं काय? विमा चालू आहे. मालकावर अवलंबून नाही तो, युनियनच्या कराराचा आहे. सहा महिन्यांत ४०० तास काम भरलं की पुढचे सहा महिने विमा, आणि जास्तीचे तास खात्यावर साठतात. कंपनी बदलली तरी तास आपलेच. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला तुझं पीएफचं पुस्तक आठवलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेलं.

आमच्या युनियनचं नाव ॲनिमेशन गिल्ड, लोकल ८३९. १९५२ पासूनची आहे. पण भांडण त्याच्या आधीचं. डिस्नेच्या स्टुडिओत २९ मे १९४१ ला संप झाला. आर्ट बॅबिट म्हणून वरच्या फळीतला ॲनिमेटर, भरपूर पगार घेणारा, तो खालच्या पोरापोरींच्या बाजूनं उभा राहिला म्हणून त्याला काढलं आणि लोक फाटकाबाहेर बसले. बाबा, संप चित्रकारांचा होता, त्यामुळं फलक बघण्यासारखे होते. एकेक पात्र हातात पाटी घेऊन मालकाची टर उडवतंय. मला तुम्हीच आठवलात. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हायवेवर लावायच्या पाट्या तुम्ही रात्रभर रंगवल्या होत्या आणि रंगाचे पैसे कुणी दिले नव्हते. ही गोष्ट तुम्ही वर्षातून दोनदा तरी सांगता.

त्या काळी इथं पारदर्शक शीटवर रेषा उतरवायचं आणि मागून रंग भरायचं काम बायकांकडं असे. बोटं बारीक, हात स्थिर, पगार सगळ्यात कमी. आई, तू बिड्या वळल्यास, तुला वेगळं सांगायला नको.

आता पुण्याचं सांगते, कारण तेव्हा मी तुम्हाला खरं सांगितलं नव्हतं. तिथल्या स्टुडिओत आम्ही अमेरिकेच्याच मालिका करायचो. रोज ठरावीक सेकंद हलतं चित्र द्यायचं. एका सेकंदात २४ फ्रेम, आणि एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं. तिकडून शॉट नापास झाला तर रीटेक, आणि रीटेकचे सेकंद हिशोबात धरत नसत. म्हणजे छाट. हजार बिड्या वळून नेल्यावर तपासनीस मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्या मोडून टाकायचा नाही, ठेवून घ्यायचा. पैसे मात्र द्यायचा नाही. आमचा नापास शॉटही तसाच कधीकधी मालिकेत दिसायचा. ओव्हरटाइम हा शब्द तिथं नव्हता, डिलिव्हरी हा होता. कीबोर्डवर डोकं ठेवून झोपायचो आणि तुम्हाला सांगायचे, इथं कँटीन छान आहे. (कँटीन खरंच छान होतं.)

इथं गिल्डच्या एका सभेत एक निवृत्त बाई भेटल्या. १९७९ आणि १९८२, दोन्ही संपांत होत्या. भांडण एकच होतं, आमचं काम परदेशात पाठवू नका. पहिला संप जिंकले, दुसरा हरले. त्या वेळी काम तैवान-कोरियाकडं चाललं होतं. पुण्यापर्यंत यायला आणखी वीसेक वर्षं लागली. त्या इतिहास सांगत होत्या, आणि मला आपलीच गोष्ट पलीकडच्या बाजूनं ऐकू येत होती. शेवटी म्हटलं, बाई, ते काम जिथं गेलं तिथूनच आले मी. त्या हसल्या. म्हणाल्या, मग किती द्यायचे तुला? आकडा सांगितला. त्यांनी दोनदा विचारून घेतला, महिन्याचा की आठवड्याचा.

मला तेव्हा तुझा बिडी कारखाना आठवला. १९६६ चा बिडी कामगारांचा कायदा आला तसे तो चुकवायला बऱ्याच मालकांनी कारखाने आवरले आणि पानं-तंबाखू घरोघर वाटली. कारखान्यात शंभर बायका एकत्र बसल्या की बोलतात. घरी बसलेली एकटी काय बोलणार? तरी तुम्ही बोललात. तंबाखू-बिडी कामगारांची युनियन बांधणाऱ्या सुभाष जोशी सरांच्या मोर्चाला तू मला कडेवर घेऊन गेलीस, असं आजी रागानं सांगायची. बिडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती मिळाली नसती तर माझा चित्रकलेचा कोर्स कुठला? इथं चहाचा पेला धरून कुणी विचारतं, युनियनमध्ये कशी आलीस. मी सांगते, आईकडून.

बाबा, तुमच्यासाठी वाईट बातमी. फ्लेक्सचं मशीन इथंही आलंय. इथं त्याला एआय म्हणतात. तुम्ही मराठी बोर्ड रंगवलेत, मग दुकानदाराला मराठी हवी आणि कर्नाटकच्या नियमाला कन्नड म्हणून चाळिशीत कन्नड अक्षरं गिरवलीत, जिलेबीगत वळणं सरळ येईपर्यंत. आणि ती हातात बसली तोवर फ्लेक्सवाल्यानं दोन्ही भाषा तासाभरात छापून दिल्या. तुम्ही कुणाशी भांडणार होता? पेंटरांची युनियन नव्हती. आमची आहे, म्हणून निदान भांडलो तरी. गेल्या ऑगस्टमध्ये बरबँकला मोठी सभा झाली, मीही पाटी रंगवून गेले होते. डिसेंबरात करार मंजूर झाला. तीन वर्षांत पगारवाढ ७, ४ आणि साडेतीन टक्के. एआयचं मात्र अर्धंमुर्धं. एआय वापरणार असेल तर मालकानं सांगायचं, चर्चा करायची, पण "नको" म्हणायचा हक्क काही आम्हाला मिळाला नाही. साधारण चारांतल्या एकानं विरोधात मत दिलं. मी बाजूनं दिलं. बरोबर केलं का, हे अजून ठरत नाही.

या आठवड्यात एका जागेसाठी टेस्ट काढतेय. चार दिवसांचं काम, फुकट. युनियन याच्यावरही ओरडते, पण टेस्ट सगळेच देतात, मीही देतेच.

एसट्या पुन्हा बंद पडल्याचं वाचलं. दादा कोल्हापूरला वडापनं जात असेल तर रात्री नको म्हणावं. बाबांचं मोतीबिंदूचं लांबवू नका, पैसे आहेत.

आणि आई, एक काम. मी स्वतःसाठी एक छोटी फिल्म काढतेय, दोन मिनिटांची, बिडी वळणाऱ्या हातांची. चित्रं जमतायत, पण शेवटी डाव्या हाताचा अंगठा पानाचं टोक आत कसा ढकलतो ते काही केल्या येत नाही. तीनशे चित्रं फाडली. तू सोडून वीस वर्षं झाली, पण हात विसरले नसतील. दादाला मोबाइल खिडकीजवळ धरायला सांग, उजेड डावीकडून येऊ दे. आणि मुद्दाम सावकाश करू नकोस, तुझ्या नेहमीच्या वेगानं कर.

तुमची,
धाकटी