मन मोकळं करायचं, पण कोणाजवळ?

मा. संपादक,
स. न.

१० ऑक्टोबरच्या अंकातला मन मोकळं करण्याविषयीचा लेख वाचला. भाषा गोड, चित्रही छान. पण १९९२ पासून हा जागतिक मानसिक आरोग्य दिन येतोय आणि सल्ला मात्र ज्याला त्रास आहे त्यालाच: बोला. ऐकणाऱ्याला कधी कोणी चार शब्द सांगणार आहे की नाही?

मी बोलले. नैराश्यावर उपचार सुरू झाले तेव्हा डॉक्टरांकडे जायला सुटी लागायची, म्हणून साहेबांना केबिनमध्ये खरं कारण सांगितलं. "निश्चिंत राहा, हे आपल्या दोघांतच," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन गेले की टेबलावरचं बोलणं बंद. मग वर्षअखेरच्या हिशेबाची फाईल माझ्याकडून गेली, न विचारता, 'तुमच्याच भल्यासाठी'. त्या हिशेबात माझी एक चूक कधी निघाली नव्हती. आता दुसऱ्याची निघाली तरी नजरा माझ्याकडे वळतात.

सल्ल्यांचं तर विचारूच नका. "तुम्हाला काय कमी आहे?" "पहाटे उठून फिरायला जा." (जिचा रात्रभर डोळा लागत नाही तिने पहाटे उठायचं म्हणजे नेमकं काय करायचं?) गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ आणि तोंडाला कोरड मात्र आधीच हजर. नेमक्या त्याच दिवसांत एक सहकारी म्हणाले, "फरक नाही ना? मग बंद करा, सवय लागेल." त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीबद्दल मी असं कधी बोलले नाही!

एकच मैत्रीण निराळी निघाली. "झोप लागते का?" एवढंच विचारलं आणि "सोबत येऊ का?" म्हणाली. बाहेरच्या बाकावर जुनं मासिक चाळत बसून राहिली. परतताना डॉक्टर काय म्हणाले हेसुद्धा विचारलं नाही. हे कसं जमवायचं, यावर एक लेख होऊ द्या की.

जाता जाता आणखी एक. त्याच अंकात पान तीनवर आत्महत्येची बातमी. मथळ्यात पद्धत, खाली ठिकाण, आणि कारण एकच: परीक्षेतलं अपयश. जागतिक आरोग्य संघटनेने पत्रकारांना दिलेल्या सूचनांत हेच तर टाळायला सांगितलंय. लेखाखाली ठळक छापलेला हेल्पलाइनचा क्रमांक त्या बातमीखाली का नव्हता? जागा नव्हती म्हणावं, तर शेजारी फर्निचरची चार कॉलमी जाहिरात होती.

आपली,
एक वाचक
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये.)