मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्याचं आधीच बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मणक्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी उठवून उभं करायचं हे माझं काम, आणि त्यात सगळ्यात जास्त आडवं येतं ते दुखणं. स्क्रू-रॉड टाकून फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन, केलं असेल तर पाठीचे स्नायू हाडापासून सोडवावे लागतात, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस नुसती कूस बदलायची म्हटलं तरी माणूस कळवळतो. घरच्यांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, ऑपरेशन आहे म्हणजे दुखणारच. मला हे उत्तर अजिबात पटत नाही.

ट्रामाडॉल, फेंटानिल अशी जोरदार वेदनाशामक औषधं देतात, त्याने बरं वाटतं पण उलट्या, चक्कर, पोट साफ न होणं, लघवी अडकणं हे सगळं मागोमाग येतं, वयस्कर माणसं तर गुंगीत काहीबाही बोलायला लागतात, त्यांना चालवायचं कसं? म्हणूनच नर्व्ह ब्लॉकबद्दल, म्हणजे दुखऱ्या भागाच्या नसाच इंजेक्शनने बधिर करण्याबद्दल, लिहितेय. इरेक्टर स्पायनी ब्लॉक हा प्रकार २०१६ मध्ये पहिल्यांदा मांडला गेला, तो खरं तर छातीच्या बाजूच्या नसांच्या दुखण्यासाठी होता, नंतर मणक्याच्या ऑपरेशनलाही वापरायला लागले. पेशंट भूल देऊन पालथा झोपवला की भूलतज्ज्ञ सोनोग्राफीवर बघत बघत पाठीच्या स्नायूखाली, मणक्याच्या बाजूच्या हाडालगत दोन्हीकडे बुपिवाकेन किंवा रोपिवाकेन हे बधिर करायचं औषध सोडतात. पाठीकडे येणाऱ्या नसा तेवढ्या बधिर होतात.

सर्जनना काळजी असते की पाय बधिर झाले तर ऑपरेशननंतर पायाची ताकद तपासायची कशी, आणि ती काळजी रास्तच आहे, एपिड्युरलमध्ये, म्हणजे मणक्याच्या पोकळीत दिलेल्या इंजेक्शनमध्ये, तसं होऊ शकतं. या ब्लॉकमध्ये मात्र पायाची ताकद सहसा जात नाही, शुद्धीवर आल्यावर पेशंट बोटं हलवून दाखवतो.

जादू नाहीये ही. एकदा दिलेल्या इंजेक्शनचा असर काही तासच टिकतो, रात्री उतरला की दुखणं एकदम वर येतं, म्हणून पॅरासिटामॉल वगैरे वेळेवर चालूच ठेवायला लागतं. हे नर्सिंग स्टाफला आणि घरच्यांना आधीच माहीत पाहिजे. छोट्या डिस्कच्या ऑपरेशनला जखमेतच बधिर करायचं औषध भरलं तरी बऱ्याचदा भागतं. औषधाचा डोस मात्र वजनानुसारच हवा, आणि ते रक्तात जास्त गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होऊ शकतो, त्यावर उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण, ऑपरेशन थिएटरमध्ये हाताशी पाहिजेच.

आपल्याकडे आणखी एक अडचण, सोनोग्राफी मशीन म्हटलं की १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी आली. कायदा हवाच, त्यात ढिलाई नकोच, पण भूलतज्ज्ञांनी ब्लॉकसाठी ठेवलेल्या मशीनची नोंदणी लवकर आणि सुटसुटीत करून द्यायला काय हरकत आहे?

आणि पेशंटच्या घरच्यांनो, सहीचा फॉर्म समोर आला की भूलतज्ज्ञांना भेटल्याशिवाय सही करू नका. ब्लॉक देणार का, नसेल तर का नाही, रात्री असर उतरल्यावर काय देणार, हे स्पष्ट विचारा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. आपल्या पेपरने या विषयावर एखाद्या भूलतज्ज्ञांकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा ही विनंती.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सांगली