पुरवणीतले ते चौकोन

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कॉम्प्युटरच्या जुन्या भाषांवर लेख होता, त्यात एपीएलच्या प्रोग्रामच्या चार ओळी छापल्या होत्या, आणि त्या चार ओळीत चिन्हं कमी अन् रिकामे चौकोन नि प्रश्नचिन्हंच जास्त. लक्ष्मीपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिकेपासून जत्रेच्या हँडबिलापर्यंत सगळं करतो, त्यामुळं असला घोळ आम्हाला रोजचाच. भाचा पेपर बघून म्हणाला, मामा, फॉन्ट नव्हता ओ त्यांच्याकडं. त्याचं अर्धंच बरोबर आहे म्हणून हे पत्र.

एपीएल ही केनेथ आयव्हर्सन यांची भाषा, १९६२ च्या त्यांच्या पुस्तकातनं आलेली, पुढं आयबीएमच्या मशीनवर चालली. हिच्यात शब्दांच्या जागी चिन्हं. टाइपरायटरला त्यासाठी चिन्हांचा वेगळा गोळा बसवायचे, पण त्यावर अक्षरं बसायची ८८, मग काय, एक चिन्ह मारायचं, एक घर मागं यायचं आणि त्याच्याच डोक्यावर दुसरं मारायचं. कॉमेंटच्या, म्हणजे प्रोग्राममध्ये माणसानं वाचायला लिहिलेल्या टिपेच्या, आधी येणारं चिन्ह असंच जमवलेलं, पालथ्या वाटीसारखी कमान आणि तिच्या पोटात बारका गोल. दिव्यागत दिसतं म्हणून त्याला लॅम्पच म्हणतात.

यूनिकोड म्हणजे जगभरच्या अक्षरांना नि चिन्हांना नंबर देणारी यादी, तिनं या लॅम्पला अख्खा एक नंबर दिला, ९०५३. एपीएलची अशी ६९ चिन्हं ९०१४ ते ९०८२ ओळीनं बसवलीत. फाईलमध्ये चित्र नसतंच, हा नंबर असतो, तोही यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइटांत (एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा) फोडून: २२६, १४१, १५७. पहिल्यातनं २२४ काढा, बाकीच्या दोन्हीतनं १२८ काढा, उरले २, १३, २९. आता २ गुणिले ४०९६, १३ गुणिले ६४ आणि वर २९, बेरीज करून बघा, ९०५३ च येते. आपला ळ सुद्धा याच हिशोबानं तीन बाइट खातो, त्याचा नंबर २३५५.

गंमत म्हणजे एपीएलच्या जोडचिन्हाला स्वतंत्र नंबर मिळाला पण आपल्या जोडाक्षराला नाही. ल्ह म्हणजे ल, हलन्त, ह असे तीन नंबर. कोल्हापूर लिहिताना आपण चार अक्षरं मोजतो, फाईलमध्ये नऊ नंबर आणि २७ बाइट जातात. मला विचाराल तर आपलं बरंय, जोडाक्षरं काय मोजून संपणारी आहेत व्हय.

आता तुमच्या पानाचं. जिथं चौकोन आलाय तिथं नंबर शाबूत आहे, फक्त त्या फॉन्टमध्ये आकार नाही, ते चिन्ह असलेला फॉन्ट लावला की दिसेल. पण जिथं प्रश्नचिन्ह आलंय तिथं कुणीतरी मधीच फाईल जुन्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे ही चिन्हं नसलेल्या साठवायच्या जुन्या पद्धतीत, सेव्ह केली असणार आणि नंबरच उडाला, आता कुठलाही फॉन्ट लावा, प्रश्नचिन्ह ते प्रश्नचिन्हच. त्या ओळी लेखकाकडनंच परत मागवाव्या लागतील, आणि कृपया व्हॉट्सॲपवर फोटो मागवू नका, टेक्स्ट फाईलच घ्या, नाहीतर ऑपरेटर फोटो बघून कमान आणि गोल वेगवेगळे टाइप करत बसेल, मग दिसायला लॅम्प पण प्रोग्राम काय चालायचा नाही.

आणि शुद्धिपत्र छापताना एक सांभाळा. तिसऱ्या ओळीत सुरुवातीला, डावीकडं तोंड असलेल्या बाणाच्या आधी जो चौकोन आहे, तो चूक नाही. एपीएलमध्ये रिकामा चौकोन हेच एक चिन्ह आहे, क्वाड म्हणतात, नंबर ९१०९, त्याच्याकडं बाण केला की उत्तर स्क्रीनवर येतं. बाकीचे चौकोन काढा, तेवढा राहू दे.

आपला,
एक डीटीपीवाला वाचक
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर