सोलरची परवानगी कशावर ठरते?

'छपरावर सोलर, वीजबिल शून्य' ही आपल्या अंकातली बातमी वाचली. केंद्राच्या सूर्यघर योजनेत छपरावरच्या ३ किलोवॅट सोलरला ७८ हजार सबसिडी मिळते हे चांगलंच आहे, पण वीज कंपनीने सोलर लाईनला जोडायची परवानगी देताना फक्त ट्रान्सफॉर्मरची क्षमता बघून चालणार नाही. आमच्या कोकणात वाड्या लांब लांब, लाईन शेवटच्या घरापर्यंत बारीक होत जाते, त्यात निम्मी घरं कुलूपबंद, चाकरमानी येणार गणपतीला नाहीतर शिमग्याला, म्हणजे फेब्रुवारीच्या भर दुपारी वीज तयार होतेय आणि वापरायला कोणी नाही, ती उलटी लाईनवर जाते. मग टोकाला व्होल्टेज चढतं, २३० व्होल्टचं २५३ च्या वर गेलं की इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या विजेसारखी करून लाईनला देणारं यंत्र) नियमाप्रमाणे आपोआप बंद, आणि मालक म्हणतो पॅनलच खराब (बिचारा विक्रेता शिव्या खातो). कुठलं घर चालू, ऊन किती, पॅनल लाईनच्या कुठल्या टोकाला, हे सगळं बदलतं असतं. त्यामुळे अशा हजारो शक्यता कॉम्प्युटरवर चालवून व्होल्टेज किती वेळा मर्यादेबाहेर जाईल ते काढावं, पद्धत जुनीच आहे, स्मार्ट मीटरचा डेटा त्यालाच वापरा की! नाहीतर ट्रान्सफॉर्मरजवळच्याला आणि टोकाच्याला एकच नियम लागणार.

— एक वाचक, देवगड